‘गम्’चा नातेवाईक ‘गो’ नव्हे

संस्कृत ‘गम्’ म्हणजे जाणे, इंग्रजी ‘गो’ म्हणजेही जाणे. त्यामुळे ‘गो’ हा ‘गम्’वरूनच आला, असं छातीठोकपणे सांगणारे संदेश अधूनमधून फिरतात. अर्थ जुळला, उच्चार जुळला, आणखी काय हवं? पण उच्चार इतका जुळतो, तिथेच खरं तर शंका यायला हवी.

याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ साली ध्वनिबदलाचा नियम मांडला. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांची एक सामाईक पूर्वज भाषा मानली जाते. इंग्रजी ज्या जर्मॅनिक शाखेतली (जर्मनही तिथलीच), तिथे या पूर्वज भाषेतल्या मूळच्या ‘ग’चा ‘क’ झाला. म्हणून आपलं ‘युग’ (जू) तिकडे ‘योक’, आणि आपली ‘गो’ (गाय) तिकडे ‘काउ’. या हिशेबाने ‘गम्’चा इंग्रजी भाऊ ‘क’ने सुरू व्हायला हवा. तसा तो होतोही: ‘कम’, म्हणजे ये! ‘गो’चा धातूच वेगळा.

एक जातो, दुसरा येतो, हे कसं? मूळ धातूचा अर्थ नुसता ‘पाऊल टाकणे’ असा असावा. दिशा पुढे ज्या त्या भाषेने ठरवली. प्राचीन ग्रीक ‘बाइनो’चा अर्थ चालणे, पाऊल टाकणे असाच होता.

पण ग्रीकमध्ये ‘ब’ कुठून आला? मूळ ध्वनी साधा ‘ग’ नव्हताच. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकलेला आणि त्याच क्षणी ओठांचा चंबू, असा तो ‘ग्व’ होता. जोडाक्षर नव्हे, एकच व्यंजन. संस्कृतने जिभेचं काम ठेवलं, ओठांचं सोडलं: ‘ग’. ग्रीकने जीभ सोडून ओठ मिटले: ‘ब’. लॅटिनमध्ये ओठांचा गोलवा तेवढा उरला: ‘वेनिरे’, येणे. जर्मॅनिक शाखेतल्याच जुन्या गॉथिक भाषेत दोन्ही टिकले: ‘क्विमन’, येणे.

या धातूला ‘ति’ प्रत्यय लागला की त्यातला ‘म्’ स्वरासारखा उच्चारला जाई. संस्कृत आणि ग्रीक दोन्हींत त्याचा ‘अ’ झाला. आपल्याकडे ‘गति’ तयार झाला, तिकडे ‘बासिस’: आधी पाऊल, मग पाऊल टेकतं ती जागा, मग पाया. इंग्रजी ‘बेस’ तिथला. ‘अक्रोबॅट’मधला ‘बॅट’ही तोच, चवड्यांवर चालणारा तो अक्रोबॅट.

सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या म्हणणाऱ्यांची अडचण इथेच होते. ओठांचा तो गोलवा संस्कृतात उरलाच नव्हता. जे तिच्याकडे नव्हतं, ते ग्रीक आणि लॅटिन तिच्याकडून कसं घेणार? तिघी बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.