स्वत्वविषयक चित्रपुस्तके

स्वत्वविषयक चित्रपुस्तके : लहान मुलांसाठीच्या चित्रपुस्तकांचा एक प्रकार. यातील पात्र इतरांसारखे होण्याचा दबाव नाकारते, किंवा तसे होऊ पाहून फसते, आणि अखेर आपल्या मूळ रूपाशी, आवडीशी वा स्वभावाशी येऊन थांबते. वाचक साधारणपणे तीन ते आठ वर्षांचा असतो आणि पुस्तक बहुधा त्याला मोठे माणूस वाचून दाखवते. ‘चित्रपुस्तक’ ही संज्ञा येथे काटेकोर अर्थाने घेतली आहे. सचित्र पुस्तकातील चित्रे काढली तरी गोष्ट उरते, चित्रपुस्तकातली उरत नाही. या प्रकारात तर हा भेद कळीचा ठरतो, कारण पात्राचे वेगळेपण चांगल्या पुस्तकांत मजकूर सांगत नाही, ते चित्रात दिसते.

संज्ञा : ‘स्वतःशी खरे राहणे’ या कल्पनेला मराठीत एकच प्रतिशब्द रूढ नाही. ‘आत्मनिष्ठा’ हा शब्द समीक्षेने वस्तुनिष्ठेच्या विरुद्ध अर्थासाठी अडवून ठेवला आहे, तर ‘प्रामाणिकपणा’ म्हटले की दुसऱ्याशी केलेला व्यवहार आठवतो. अमेरिकन समीक्षक लायनेल ट्रिलिंग यांनी १९७२ मध्ये सचोटी आणि अस्सलपणा असा भेद मांडला, तो येथे उपयोगी आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील पोलोनिअसचा उपदेश सचोटीचा आहे : स्वतःशी खरे राहायचे ते दुसऱ्याशी खोटे वागले जाऊ नये म्हणून. अस्सलपणाला असे बाहेरचे कारण लागत नाही. प्रस्तुत पुस्तकांचा कल दुसऱ्या अर्थाकडे असल्याने येथे ‘स्वत्व’ हा शब्द वापरला आहे.

उगमाचा प्रश्न : या प्रकाराचे मूळ कोठे मानावे याबद्दल निदान तीन मते मांडता येतात.

पहिले मत त्याला प्राणिकथेशी जोडते. उसनी पिसे लावणारा इसापाचा पक्षी, कातडे पांघरलेले गाढव आणि सर्वांत ठळक म्हणजे पंचतंत्रातील निळा कोल्हा ही त्याची उदाहरणे. पंचतंत्राचा रचनाकाळ निश्चित नाही. सहाव्या शतकात त्याचे पहलवी (जुन्या इराणी भाषेतील) भाषांतर झाल्याने तो त्याआधीचा, एवढे खात्रीने म्हणता येते. निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा रानाचा राजा होतो आणि इतर कोल्ह्यांची कोल्हेकुई कानी येताच स्वतःही ओरडून उघडा पडतो, ही गोष्ट आज सर्रास ‘आपले रूप लपवू नये’ अशा बोधासह सांगितली जाते. मूळ कथेचा रोख मात्र वेगळा आहे. कोल्ह्याचा अपराध रंग लागला हा नव्हे, राज्य मिळताच त्याने आपल्याच जातभाईंना हाकलले, हा आहे. पंचतंत्रात ही गोष्ट ‘मित्रभेद’ या तंत्रात येते. हितोपदेशात ती ‘विग्रह’ प्रकरणात आहे आणि तेथील श्लोक स्वपक्ष सोडून परपक्षात रमणाऱ्याचा नाश होतो असे स्पष्ट म्हणतो. हा राजनीतीचा धडा आहे. शिवाय प्राणिकथेत मूळ स्वभावाकडे परतणे ही बहुधा शिक्षा असते, तर चित्रपुस्तकात ती सुटका असते. म्हणून प्राणिकथेला पूर्वज म्हणण्यापेक्षा कच्चा माल म्हणणे अधिक योग्य वाटते.

दुसरे मत हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या १८४३ मधील कुरूप पिल्लाच्या कथेला आद्य मानते. मराठी वाचकाला ती ग. दि. माडगूळकरांच्या ‘एका तळ्यात होती’ या गीतातून अधिक परिचित आहे. तिचा प्रभाव नाकारता येणार नाही, पण बारकाईने पाहिल्यास अडचण जाणवते. ते पिल्लू वेगळे बदक नसतेच, ते चुकीच्या घरट्यात उबवलेला हंस असते. त्याला स्वीकृती मिळते ती हंसांकडून, आणि सुंदर ठरल्यावर. मोठे होऊनही जे कुरूपच राहिले असते त्याचे काय, हे कथा विचारत नाही.

तिसरे मत, आणि तेच अधिक ग्राह्य दिसते, मन्रो लीफ यांनी लिहिलेल्या व रॉबर्ट लॉसन यांनी चित्रे काढलेल्या ‘द स्टोरी ऑफ फर्डिनंड’ (१९३६) या पुस्तकापाशी थांबते. इतर वळू टक्कर घेत असताना फर्डिनंड बुचाच्या झाडाखाली फुलांचा वास घेत बसतो. माशी डसल्यामुळे उधळतो, त्यामुळे भयंकर समजला जाऊन झुंजीच्या रिंगणात नेला जातो, तेथेही बायकांच्या केसांतील फुले हुंगत बसतो आणि परत घरी पाठवला जातो. तो कुणाच्या उपयोगी पडत नाही, कुणी त्याची क्षमा मागत नाही, दुसरा वळूही सुधारत नाही. तो जातीने वळूच आहे, फक्त त्याला लढायचे नाही. प्रकाशनाच्या वर्षीच स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्याने पुस्तकाला शांततावादी प्रचार समजले गेले. फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यावर बंदी आली, नाझी जर्मनीतही ते निषिद्ध ठरले. १९३८ मध्ये त्यावर निघालेल्या डिस्नेच्या लघुपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. लॉसन यांच्या कृष्णधवल चित्रांत बाटलीला लावायची बुचे फळांसारखी फांदीला लटकलेली दिसतात. मजकुरात त्याचा उल्लेखही नाही, आणि चित्राने मजकुरापलीकडे बोलण्याचा हा नमुना पुढे या प्रकाराचा प्राण ठरला.

विकास : १९५० नंतर रंगीत छपाई आवाक्यात आली तसा रंग हाच स्वत्वाचा वाहक झाला. लिओ लिओनी यांच्या १९५९ मधील पुस्तकात निळा व पिवळा हे कागदाचे फाडलेले दोन ठिपके मिठी मारून हिरवे होतात आणि आईवडीलच त्यांना ओळखत नाहीत. त्यांच्याच १९७५ मधील सरड्याला स्वतःचा असा एक रंग हवा असतो. तो त्याला मिळत नाही, मिळतो तो बरोबरीने रंग बदलणारा दुसरा सरडा. हा शेवट या प्रकारातील इतर अनेक शेवटांपेक्षा प्रौढ आहे.

डेव्हिड मॅकी यांचा ठिगळांचा हत्ती एल्मर प्रथम १९६८ मध्ये आला, पण त्याचा खरा प्रसार १९८९ च्या नव्या आवृत्तीने झाला. करड्या हत्तींत मिसळून जाण्यासाठी एल्मर फळांच्या रसात लोळून करडा होतो, शांतता असह्य होऊन ओरडतो आणि पावसाने त्याचा रंग धुऊन निघतो. निळ्या कोल्ह्याशी याची तुलना उद्बोधक आहे. दोघांनाही रंग लागतो आणि दोघांनाही आवाज गप्प बसू देत नाही. पण कोल्हा रंगाने असामान्य होतो, तर एल्मर सामान्य होण्यासाठी रंग लावून घेतो. एकाला सोबतचे मारतात, दुसऱ्याभोवती हसत जमतात. साम्य रचनेचे आहे, त्यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढू नये.

सत्तरच्या दशकात मुलगा आणि मुलगी यांच्या ठरीव साच्यांना हात घालणारी पुस्तके आली. शार्लट झोलोटो यांच्या १९७२ मधील पुस्तकात मुलाला बाहुली हवी असते, टोमी डीपाओला यांच्या १९७९ मधील पुस्तकात मुलाला नाचायचे असते. १९९० मध्ये बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तक हे मुलासाठी आरसाही असावे आणि खिडकीही, अशी मांडणी केली. या पुस्तकांच्या निवडीवर तिचा मोठा परिणाम झाला.

रचनातंत्र : प्रचलित चित्रपुस्तक ३२ पानांचे असते. छापील ताव दुमडून आठ वा सोळा पानांचा फर्मा तयार होतो, त्यामुळे हा आकडा किफायतशीर पडतो. यातून नावनिशीची पाने वजा केली की गोष्टीला बारा-चौदा जोडपाने (समोरासमोरची दोन पाने) उरतात. एवढ्यात वेगळेपण, हिणवणे, अनुकरण, फसगत आणि स्थिरावणे हे सर्व टप्पे बसवायचे असतात, म्हणून पान उलटण्याचा क्षण फार मोलाचा. वेष उतरणे, रंग धुतला जाणे, आवाज फुटणे हे सहसा पान उलटल्यावरच दिसते.

चित्रपुस्तकांच्या अभ्यासक मारिया निकोलायेवा व कॅरोल स्कॉट यांनी २००१ मध्ये शब्द आणि चित्र यांच्यातील विसंवादाचे वर्गीकरण केले. मायकेल हॉल यांचे २०१५ मधील रंगखडूचे पुस्तक त्याचा चोख नमुना म्हणता येईल. खडूवरचे लेबल लाल आहे, मजकूर त्याला लालच म्हणतो, पण तो उमटतो निळा. ऐकणाऱ्या मुलाला हे पहिल्या पानापासून दिसत असते आणि वाचणाऱ्याच्या तोंडचा शब्द चुकतो आहे हे त्याला कळते. जेसिका लव यांच्या २०१८ मधील पुस्तकात पडदा गुंडाळून जलपरी झालेल्या नातवाला पाहून आजी निघून जाते आणि परत येते ती मण्यांची माळ घेऊन. तिला तो मान्य आहे हे कुठेही लिहिलेले नाही.

आक्षेप : सर्वांत गंभीर आक्षेप सशर्त स्वीकृतीचा आहे. १९३९ मध्ये एका दुकानसाखळीच्या जाहिरातपुस्तिकेतून आलेला लाल नाकाचा रेनडियर कामी येतो, तेव्हाच कळपाला प्रिय होतो. वेगळेपणा उपयोगी असेल तरच चालेल, असा अर्थ त्यातून मूल काढू शकते. लिओनी यांचा कवी उंदीर (१९६७) धान्य साठवत नाही, पण हिवाळ्यात शब्दांनी भावंडांना रिझवतो, म्हणून वरवर याच साच्यातला आहे. मात्र त्याची भावंडे हिवाळ्यापूर्वीही त्याला वाट्याबाहेर काढत नाहीत, हा फरक लक्षात घ्यावा लागतो. मार्कुस फिस्टर यांच्या १९९२ मधील चमचमत्या माशाबद्दल मतभेद तीव्र आहेत. आपले चकाकते खवले वाटून तो मित्र मिळवतो. काहींना यात औदार्य दिसते, तर काहींना मैत्रीसाठी स्वतःला ओरबाडून देणे. खवल्यांसाठी वापरलेला चमकता वर्ख मुलांना भुलवतो, आणि तोच दुसऱ्या मताला बळ देतो, कारण शेवटच्या पानावर सर्व मासे थोडेथोडे सारखेच चमकतात.

प्राणी पात्रांविषयीही शंका घेतली जाते. टोरांटो येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांवर वाटून घेण्याच्या गोष्टीचा परिणाम माणसे पात्र असताना अधिक आढळला. तो प्रयोग स्वत्वाविषयी नव्हता, त्यामुळे त्याचा आधार जपून घ्यावा.

भाषांतर : मराठीत या पुस्तकांपुढे व्याकरणाचा पेच येतो. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यांतून सुटका नसल्याने मुलगा-मुलगी हा साचा ओलांडणाऱ्या पात्राचे लिंग अनेक क्रियापदांत ठरवावे लागते. प्राणी पात्रांना ‘पिल्लू’ या नपुंसकलिंगी शब्दाचा आसरा मिळतो. माडगूळकरांच्या गीतातही ते अखेरपर्यंत ‘पिल्लू’ असते आणि पाण्यात स्वतःला पाहिल्यावरच ‘तो’ राजहंस होतो.