ग्राफिक्स बूट पॅरामीटर : लिनक्स इन्स्टॉलेशनमधील हस्तांतरण

लिनक्सची डेस्कटॉप प्रणाली पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना, स्क्रीनवर चित्र यावे म्हणून कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) बूटच्या वेळी दिलेली सूचना, म्हणजेच पॅरामीटर, डिस्कवरच्या नव्या प्रणालीतही कायम राहील अशी तजवीज करणे. ती केली नाही तर काय होते हे अनेकांनी अनुभवले आहे. पेनड्राइव्हवरून डेस्कटॉप नीट दिसतो, इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडते आणि पहिल्याच रीबूटला स्क्रीन काळी. मग सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात केली जाते. ती मेहनत बहुधा वाया जाते, कारण डिस्कवरची प्रणाली धडधाकट असते. तिच्यापर्यंत ती एक सूचना पोचलेली नसते, इतकेच.

स्क्रीनचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम पूर्वी एक्स सर्व्हर हा डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम करीत असे. २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ते कर्नलकडे आले. एएमडीच्या रेडिऑन कार्डांचा ड्रायव्हर आणि एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर ‘नूव्हो’ यांनीही लवकरच तीच वाट धरली. यालाच कर्नल मोड सेटिंग म्हणतात. बूट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो. कार्ड त्या ड्रायव्हरपेक्षा नवे असले, किंवा लॅपटॉपमध्ये दोन-दोन कार्डे असली, की काही वेळा तिथेच गाडे अडते. ‘नोमोडसेट’ हा पॅरामीटर दिला तर ड्रायव्हर ताबा घेत नाहीत आणि फर्मवेअरने (यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरने) आधीच तयार ठेवलेल्या साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे चित्र साठवणाऱ्या स्मृतीवर, काम भागते. उबुंटूच्या मेन्यूतील ‘सेफ ग्राफिक्स’, लिनक्स मिंटचा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ आणि फेडोराचा ‘बेसिक ग्राफिक्स मोड’ या पर्यायांमागे मुख्यतः हाच पॅरामीटर असतो.

पॅरामीटर मात्र त्या एका बूटपुरताच असतो. ग्रब या बूटलोडरच्या (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूत ‘ई’ दाबून वाढवलेली ओळ कोणत्याही फाइलमध्ये उतरत नाही. शिवाय पेनड्राइव्हचा बूटलोडर वेगळा आणि डिस्कवरचा वेगळा. दुसऱ्याची फाइल इन्स्टॉलर नव्याने लिहितो. ती लिहिताना जुन्या ओळीतले काय उचलायचे, याबद्दल वितरणांत (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या निरनिराळ्या प्रणालींत) एकमत नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ओळीतल्या तीन हायफनांच्या पुढे लिहिलेले पॅरामीटर नव्या प्रणालीत नेले जातात, उबुंटूनेही तीच रीत घेतली आहे. म्हणजे ‘नोमोडसेट’ लिहिणे पुरेसे नाही, तो हायफनांच्या पुढे आहे की मागे हेही पाहावे लागते. (दोन हायफन चालत नाहीत; त्यांच्या पुढचे सगळे कर्नल इनिट प्रक्रियेकडे, म्हणजे त्याने सर्वांत आधी सुरू केलेल्या प्रोग्रामकडे, सोपवतो.) फेडोराच्या अॅनाकोंडा या इन्स्टॉलरजवळ जपायच्या पॅरामीटरांची ठरीव यादी आहे आणि तीत ‘नोमोडसेट’ आहे. मिंटमध्ये पहिल्या बूटला प्रगत पर्यायांतून रिकव्हरी मोड निवडून पुढे जावे असे सुचवले जाते.

आपोआप न आल्यास पहिल्या बूटला ग्रबच्या मेन्यूत पॅरामीटर पुन्हा हाताने टाकावा. मेन्यू दिसत नसेल तर शिफ्ट किंवा एस्केप दाबून पाहावे. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो शब्द जोडून कंट्रोल-एक्स दाबले की प्रणाली सुरू होते. कायमचा करायचा तर ‘ईटीसी’खालच्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातील ‘ग्रब’ फाइलमध्ये, ‘क्वायट स्प्लॅश’ असते त्या अवतरणचिन्हांत तो लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. ही शेवटची आज्ञा विसरली तर फाइल बदलूनही बूटवर परिणाम होत नाही. फेडोरात हेच काम ‘ग्रबी’ ही आज्ञा करते.

हस्तांतरण सरसकट करावे का? नाही. ‘नोमोडसेट’ ही कुबडी आहे. तिच्यावर चालणाऱ्या प्रणालीत चित्रे काढण्याचा भार प्रोसेसरवर पडतो, रिझोल्यूशन बहुधा अडकून राहते, लॅपटॉपची ब्राइटनेस अनेकदा बदलत नाही, दुसरा मॉनिटर चालत नाही. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर किंवा नवा कर्नल बसवल्यावर ती काढून टाकणेच योग्य. बरेच जण ती काढायला विसरतात आणि चांगले कार्ड असूनही वर्षानुवर्षे संथ डेस्कटॉप वापरत राहतात. ‘नूव्हो’पुरतेच मोड सेटिंग बंद करणारा पॅरामीटर, किंवा ठरावीक पोर्टला रिझोल्यूशन नेमून देणारा ‘व्हिडिओ’, यांची गोष्ट वेगळी. अडचण त्या यंत्राचीच असेल तर ते खुशाल कायम ठेवावेत.

चालू प्रणालीला कोणते पॅरामीटर मिळाले आहेत हे ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये वाचता येते. इन्स्टॉलेशनपूर्वी पेनड्राइव्हवरून ती ओळ उतरवून घेतली, तर रीबूटनंतर तुलना करायला हाताशी राहते.