फिल्टर चोक झालाय, पण कशाने? काजळीने की राखेने?

सेकंड हँड छोटी डिझेल गाडी बघायला गेलात आणि मीटरवर डीपीएफचा (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातले कण अडवणारा फिल्टर) दिवा पेटलेला दिसला, की विकणारा लगेच सांगतो, "काही नाही हो, हायवेला एक चक्कर मारली की जातो." कधी कधी ते अगदी खरं असतं. कधी मात्र शंभर किलोमीटर पळवूनही दिवा तसाच राहतो, आणि तोवर व्यवहार होऊन गेलेला असतो. हे ठरतं फिल्टरमध्ये काय साचलंय त्यावर: काजळी की राख. दोन्हींनी फिल्टर चोक होतो, दोन्हींनी पिकअप मरतो, ॲव्हरेज पडतो. पण काजळी जळून जाते, आणि राख कितीही तापवली तरी जागची हलत नाही. रोज लांबच्या पल्ल्याला जाण्यासाठी गाडी घेणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा. त्याच्या वापरात काजळीची काळजी जवळपास मिटते, राखेची वाढते.

आधी फिल्टरची रचना बघू. बाहेरून पत्र्याचा डबा, आत सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा. ठोकळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत अरुंद नळ्या असतात. एका नळीचं मागचं तोंड बंद, तिच्या शेजारच्या नळीचं पुढचं. त्यामुळे इंजिनाकडून आलेला धूर सरळ पार जाऊ शकत नाही. तो नळीच्या भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि तिथून बाहेर पडतो. वायू निघून जातो, कण भिंतीवर अडकतात. पूजो कंपनीने २००० साली आपल्या ६०७ मॉडेलमध्ये असा फिल्टर दिला. पुढे युरोपातल्या युरो ५ या प्रदूषण नियमाने कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली, आणि मग त्या नियमाच्या नव्या डिझेल मोटारींत डीपीएफ ठरलेलाच झाला.

काजळी येते डिझेलमधून. ती म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन. गाडी नीट गरम होऊन एका वेगात धावत असली की धूरही गरम असतो. साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड ही काजळी हळूहळू खात राहतो. चालवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) स्वतःहून रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळायचं काम, सुरू करतो. सिलिंडरमध्ये डिझेलचा एक उशिराचा फवारा मारला जातो, ते डिझेल पुढे धुराच्या वाटेवरच्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं, फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो आणि साचलेली काजळी दहा-वीस मिनिटांत जळून जाते.

राख येते इंजिन ऑइलमधून, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण राख म्हटलं की ती काजळी जळून झालेली असणार असं वाटतं. काजळी जळली की तिचा वायू होऊन जातो, मागे फारसं काही उरत नाही. उरतात ते ऑइलमधले धातू. इंजिन आतून स्वच्छ ठेवायला ऑइलमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची संयुगं घालतात, झीज थांबवायला झिंक आणि फॉस्फरसची. प्रत्येक इंजिन थोडं तरी ऑइल जाळतंच. त्या जळलेल्या ऑइलमधले हे घटक सल्फेट, फॉस्फेट, ऑक्साइड होऊन फिल्टरमध्ये येऊन बसतात. शेगडीतला अर्धवट जळलेला कोळसा पुन्हा पेटतो, राख पेटत नाही. इथेही तसंच आहे. काही गाड्यांत काजळी कमी तापमानाला जळावी म्हणून डिझेलमध्ये सिरियम किंवा लोहाचं औषध मिसळणारी वेगळी छोटी टाकी असते. ते औषधही शेवटी राखेतच भर घालतं.

गॅरेजमध्ये फिल्टर उतरवून साफ करताना बघायची संधी मिळाली तर सोडू नका. इंजिनाकडच्या तोंडावर बोट फिरवलं की बोट काळंकुट्ट होतं, ती काजळी. तोच ठोकळा भट्टीत तापवून मागच्या बाजूने हवेचा झोत मारला, की नळ्यांतून पांढुरकी-करडी भुरभुरीत पूड खाली पडते, ती राख. ती मुख्यतः नळीच्या बंद टोकाशी साचते, म्हणजे नळी मागून बुजत पुढे येते. फिल्टरची कामाची लांबीच कमी होते, काजळीला जागा कमी उरते, आणि तेवढीच काजळी तयार होत असूनही रीजनरेशन लवकर लवकर येऊ लागतं.

म्हणून सगळ्यात उपयोगाची खूण म्हणजे दोन रीजनरेशनमधलं अंतर. रीजनरेशन चालू आहे हे ओळखता येतं: उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा चढा राहतो, गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत राहतो, डिस्प्लेवरचा त्या क्षणाचा ॲव्हरेज अचानक घसरतो, स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होण्याची सोय) काम करत नाही, उतरल्यावर तापलेल्या लोखंडाचा वास येतो. अशा वेळी किलोमीटर लिहून ठेवायचे. सलग हायवेला चालणाऱ्या धडधाकट गाडीत हे अंतर काही शे किलोमीटर असतं. तशाच वापरात ते शंभर-दीडशेवर आलं असेल तर काहीतरी बिनसलंय.

पण ती राखच असेल असं नाही. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), टर्बोच्या पाइपाला गेलेली चीर, यांनीही काजळी भसाभस तयार होते. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि रीजनरेशन पूर्ण होत नाही. नक्की काय ते गाडीच्या इसीयूला जोडून आकडे वाचणारा स्कॅनर सांगतो. फिल्टरच्या आधी आणि नंतर किती दाब आहे याचा फरक मोजणारा एक सेन्सर असतो. रीजनरेशन पूर्ण होऊ द्यायचं, मग काजळीचा आकडा आणि दाबातला फरक, दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. दोन्ही खाली आले तर काजळीच होती. काजळीचा आकडा जवळपास शून्यावर आला आणि दाब तरीही चढाच राहिला, तर आत राख आहे. त्याआधी सेन्सरच्या दोन रबरी नळ्या हाताने दाबून बघा. त्या कडक होऊन तडकतात किंवा आतून बुजतात, सेन्सर भलतंच वाचतो आणि चांगल्या फिल्टरवर खापर फुटतं.

स्कॅनरवर राखेचाही आकडा दिसतो, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बहुतेक गाड्यांत तो मोजलेला नसतो. किती किलोमीटर झाले, किती डिझेल जळलं यावरून इसीयूने काढलेला अंदाज असतो. तो स्कॅनरने शून्यही करता येतो. म्हणजे मीटरवर दोन लाख किलोमीटर आणि राख शून्याच्या जवळ दिसत असेल, तर एकतर फिल्टर बदलला किंवा साफ केलाय, किंवा नुसता आकडा पुसलाय. पहिल्या दोन्हींची पावती असते. ती दाखवा म्हणावं.

आता निवड करायची वेळ येते तेव्हा बहुतेकजण कमी रनिंगच्या गाडीवर भाळतात. समजा एक गाडी साठ हजार चाललेली, पण सगळी गावातल्या गावात. दुसरी दीड लाख, पण हायवेला. पहिलीत राख थोडी, काजळी भरपूर. काजळी तर जळून जाते, मग बिघडलं कुठे? ऑइलमध्ये. रीजनरेशन सुरू झालं आणि घर आल्यामुळे गाडी बंद केली, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. प्रत्येक खेपेला त्या उशिराच्या फवाऱ्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग झिजतात. ही झीज कुठल्याही दिव्यात दिसत नाही. डिपस्टिक ओढून बघा: पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर त्या गाडीपासून लांब राहा. ऑइल नुसतं काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात ते बदलल्यावर लवकरच काळं होतं.

माझा कौल हायवेवाल्या गाडीला, एका अटीवर: ऑइल वेळेवर आणि योग्य प्रतीचं बदलल्याच्या पावत्या हव्यात. तिची राख साफ करता येते. पातळ ऑइलवर झिजलेली टर्बो साफ करता येत नाही. दीड ते अडीच लाख किलोमीटरच्या टप्प्यात फिल्टर राखेने भरणं बऱ्याच गाड्यांत नैसर्गिकच आहे, त्यामुळे तो खर्च किमतीच्या बोलणीतच धरा. आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघायला विसरू नका. फिल्टर शाबूत असेल तर आतून पाइप बराच स्वच्छ असतो. बोटाला दाट काजळी लागली तर फिल्टर फुटलाय किंवा आतून काढून टाकलाय. फिल्टर काढणं अनेक देशांत बेकायदा आहे, आणि चांगल्या चालणाऱ्या गाडीचा फिल्टर सहसा कुणी काढत नाही.

गाडी घेतल्यावर लांबच्या प्रवासामुळे काजळी आपोआप आटोक्यात राहते. फक्त पेट्रोल पंप गाठायला उशीर करू नका. टाकी रिझर्व्हला आली की बऱ्याच गाड्या रीजनरेशन सुरूच करत नाहीत. राखेच्या बाबतीत तुमच्या हातात आहे ते ऑइल. मॅन्युअलमध्ये एसियाच्या (युरोपातल्या मोटार कंपन्यांची संघटना) सी गटातलं, म्हणजे कमी राखेचं ऑइल सांगितलं असेल तर तेच घाला. सी३ मध्ये राखेचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के असतं, सी४ मध्ये (आणि जुन्या, आता यादीतून काढलेल्या सी१ मध्येही) ०.५ टक्के, तर सी गटाबाहेरच्या ए३/बी४ मध्ये १ ते १.६ टक्के. एक लिटर ऑइल म्हणजे साधारण ८५० ग्रॅम. ते जळलं तर ०.८ टक्क्यांच्या ऑइलमधून सात ग्रॅमच्या आसपास राख निघू शकते, १.५ टक्क्यांच्या ऑइलमधून जवळपास तेरा. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० असाच दाटपणाचा ग्रेड लिहिलेला असू शकतो, म्हणून ग्रेड बघून थांबू नका, त्याखालची बारीक अक्षरंही वाचा. ज्याचं वर्षाचं रनिंग तीस-चाळीस हजार आहे त्याच्या फिल्टरचं आयुष्य चुकीच्या ऑइलने काही वर्षं कमी होतं.

डिझेलच्या टाकीत ओतायच्या बाटल्या मिळतात, त्या काजळी जळायला मदत करतात. राखेला त्यांचा काही उपयोग नाही. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून केलेल्या फोर्स्ड रीजनरेशनचंही तेच. त्यातून काजळी फारच साचलेली असेल तर ती एकदम भडकून ठोकळ्याला तडा जाऊ शकतो, म्हणून एका मर्यादेपलीकडे इसीयू ते करूच देत नाही.

राखेवर उपाय एकच: फिल्टर उतरवून उलट्या दिशेने हवा किंवा पाणी मारून साफ करणं. चांगला कारागीर साफ करण्याआधी आणि नंतर वाळवून वजन करतो. दोन्ही आकडे लिहून मागा, कारण किती राख निघाली हे त्याशिवाय कळत नाही. आणि फिल्टर परत बसवला की इसीयूमधला राखेचा आकडाही शून्य करून घ्या. ते राहिलं तर रिकाम्या फिल्टरलाही गाडी भरलेलाच समजेल आणि पुन्हा पुन्हा रीजनरेशन करत तुमचं डिझेल जाळत राहील.