फोरग्रिप आणि पामरेस्ट: दिसायला सारखे, कामाला उलट

रायफलच्या पुढच्या भागाखाली उभा दांडा दिसला की त्याला सरसकट ‘फोरग्रिप’ म्हटलं जातं. मोबाइल गेममुळे हा शब्द घराघरांत पोचलाय. पण कार्बाइनवरची (म्हणजे आखूड रायफलवरची) उभी फोरग्रिप आणि ५० मीटर नेमबाजी स्पर्धेच्या रायफलवरचा पामरेस्ट या दोन वस्तूंचं काम अगदी उलट आहे. फोरग्रिप मुठीत धरून रायफल खांद्याकडे ओढायची असते. पामरेस्ट तळहातावर नुसता टेकवायचा असतो, ओढायचा अजिबात नाही.

फोरग्रिप जुनीच आहे. थॉमसन सबमशीनगनच्या १९२१ च्या मॉडेलवर ती होती, आणि रुमानियाच्या एके रायफलींवर लाकडी हँडगार्डचाच (नळीभोवतीचं, हाताने धरायचं आवरण) भाग म्हणून आली. तिची खरी गरज भासली ती अमेरिकी सैन्याच्या एम-४ कार्बाइनवर रेल (जोड-उपकरणं बसवायची खाचांची पट्टी) चढल्यावर. टॉर्च, लेझर आणि त्यांची बटणं बसल्यावर हाताला जागाच उरेना, त्यात लागोपाठ फायरिंगने हँडगार्ड तापतो. अशा आखूड आणि पुढून जड झालेल्या शस्त्रावर ती उपयोगी आहेच. गेममध्ये ग्रिप लावली की धक्का घटतो. प्रत्यक्षात काडतूस आणि रायफलचं वजन तेच असेल तर धक्काही तेवढाच राहतो. फरक इतकाच की बट (रायफलचा खांद्याला लागणारा मागचा भाग) खांद्यात घट्ट बसतो आणि नळी लवकर पुन्हा लक्ष्यावर येते.

जागा चुकली तर हा फायदाही जातो. मॅगझिनला (काडतुसांच्या पेटीला) चिकटून लावली तर हात इतका मागे येतो की नळीचं टोक आवरत नाही. अगदी पुढे लावली तर कोपर ताठ होतो आणि दंड भरून येतो. बट खांद्याला लावल्यावर कोपर किंचित वाकलेला राहील, ती जागा बरोबर. पूर्ण मुठीएवढी लांब ग्रिप पालथं झोपून नेम धरताना जमिनीला अडते, म्हणून बुटकी घ्यावी: खालची बोटं ग्रिपवर, अंगठा आणि तर्जनी हँडगार्डवर. पिकॅटिनी या ठरावीक मापाच्या रेलवर बसवताना ग्रिप खाचेत पुढे सरकवून मगच स्क्रू आवळा. रायफल मागे धक्का खाते तेव्हा ग्रिप जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे रेलवर ती पुढेच सरकणार. हँडगार्ड नळीला टेकलेला असेल तर ग्रिप ओढल्याने नळीवर ताण येतो आणि गोळी लागण्याची जागा हलते. नळीपासून सुटा असलेला हँडगार्ड असेल तर ही अडचण येत नाही.

पामरेस्टचं गणित हाडांचं आहे. ५० मीटर थ्री पोझिशन स्पर्धेत गुडघ्यावर बसून (नीलिंग), पालथं झोपून (प्रोन) आणि उभं राहून (स्टँडिंग) नेम धरतात. त्यातल्या स्टँडिंगमध्ये डावा कोपर कमरेच्या हाडावर किंवा छातीला टेकवायची परवानगी असते. वजन तळहातातून कोपरापुढच्या सरळ उभ्या हातात, तिथून कोपरात, कंबरेत आणि डाव्या पायात उतरतं. रायफल ८ किलोपर्यंत असू शकते. एवढं वजन नुसत्या स्नायूंवर साठ मिनिटं काय, पाच मिनिटंही स्थिर राहत नाही. कोपर कमरेवर आणि मान सरळ ठेवली की हात आणि फोरएंड (रायफलचा नळीखालचा पुढचा भाग) यांच्यात पोकळी उरते. ती भरणं एवढंच पामरेस्टचं काम. लांब धड आणि आखूड हात असलेल्यांना तो जास्त उंच लागतो. नळीच्या मध्यरेषेपासून खाली २०० मिलिमीटर ही मर्यादा आहे.

तो लावताना आधी रिकाम्या रायफलने पोझिशन घ्या. मान खाली झुकवावी लागत असेल तर पामरेस्ट ५-५ मिलिमीटरने वाढवा. मग डोळे मिटून दोन-तीन श्वास घ्या आणि उघडा. नेम डावी-उजवीकडे गेला असेल तर पाय हलवा, हात नाही. खाली गेला असेल तर पामरेस्टची उंची थोडी वाढवा. गरजेपेक्षा उंच केला की रायफल हातावर डुलू लागते आणि आडवी कलते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पामरेस्ट फोरग्रिपसारखा मुठीत आवळणं. हाताचे स्नायू ताठ होतात, नाडीचे ठोके नेमात दिसतात, आणि १०.४ मिलिमीटरच्या दहा गुणांच्या वर्तुळात हे परवडत नाही. उलट चूकही होते: कार्बाइनवर मागे झुकून, कोपर कमरेला टेकवून फोरग्रिप खालून पेलणं. पहिली गोळी ठीक जाते, दुसरीला नळी वर उडते.

स्टँडिंगची किंमत कळायला १ ऑगस्ट २०२४ चा पॅरिस ऑलिम्पिकचा अंतिम सामना पुरेसा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नीलिंगनंतर सहावा आणि प्रोननंतर पाचवा होता. कांस्यपदकापर्यंत तो पोचला तो स्टँडिंगमध्ये.

नव्या नेमबाजांनी आणि पालकांनी एक ध्यानात ठेवावं: १० मीटर एअर रायफलमध्ये पामरेस्ट चालतच नाही. तिथे फोरएंडचा तळ नळीच्या मध्यरेषेपासून १२० मिलिमीटरपेक्षा खाली जाता कामा नये. तेव्हा उंची वाढवायची असेल तर त्या मापात बसणारा रायझर ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) घ्या, आणि स्पर्धेआधी उपकरण-तपासणीत मोजून घ्या.