पवई तलाव भरला म्हणजे पाणीकपात टळली?

दर पावसाळ्यात ‘पवई तलाव ओसंडून वाहू लागला’ ही बातमी येते आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच आनंद होतो, चला, पाण्याची चिंता मिटली! तसं नाही. पवईचं पाणी पिण्यायोग्य नाही, ते औद्योगिक वापरासाठी दिलं जातं. मुंबईची तहान भागवतात ते सात तलाव म्हणजे भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी. यांत पवई नाही. त्याची क्षमता सुमारे ५४५ कोटी लिटर, तर या सातांची मिळून सुमारे १ लाख ४५ हजार कोटी लिटर.

गैरसमजाला कारण आहे. १८९०च्या सुमारास हा तलाव पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. हो, बांधलेला! अनेकांना तो नैसर्गिक वाटतो. ओढ्यांवर बंधारे घालून तो तयार झाला.

ओसंडलेलं पाणी जातं मिठी नदीत, आणि मिठीला पूर आला की काठच्या कुर्ल्यात पाणी शिरतं. म्हणून तलाव भरला की नळाकडे नाही, कुर्ल्याच्या सखल वस्त्यांकडे लक्ष द्यायला हवं. आणि पाणी पिण्याचं नाही म्हणून तलाव निरुपयोगी ठरत नाही: भर शहरात इथे आजही मगरी राहतात, कायद्याने संरक्षित. त्यांचं घर जलपर्णी आणि सांडपाण्याने गुदमरतंय, याचं मला फार वाईट वाटतं.