चायनीज शिकायला बाहेर जायचंय तर शाळा निवडण्याआधी कागद बघा: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

बडोद्यात हल्ली चायनीज शिकायला बाहेर जायचं म्हणणारे बरेच भेटतात, कुणाचा मकरपुरा जीआयडीसीत कारखाना आहे आणि मशीनचे पार्ट चीनहून येतात, कुणाला दुभाष्याचं काम करायचंय, कुणी नुसतं हौस म्हणून. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, शाळा कुठली चांगली? अहो, चांगल्या शाळा पुष्कळ आहेत. अर्ज परत येतो तो शाळा वाईट म्हणून नाही, तर ती शाळा विसाला लागणारा कागद देऊच शकत नाही म्हणून, नाहीतर आपला एखादा कागद नीट नाही म्हणून. तेव्हा शिकवायची पद्धत, हॉस्टेलचे फोटो वगैरे नंतर बघा.

चीनसाठी तो कागद म्हणजे जेडब्ल्यू 202. स्वतःच्या पैशाने जाणाऱ्याला हा फॉर्म मिळतो, सरकारी स्कॉलरशिपवाल्याला जेडब्ल्यू 201. परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेली संस्थाच तो देऊ शकते, म्हणजे मुख्यतः विद्यापीठं. शांघायमधली एखादी खाजगी शाळा वेबसाइटवर फार गोड बोलते, चार जणांची बॅच, कॉफी फुकट, आणि विसाचं विचारलं की "ते आम्ही बघून घेऊ". बघून घेऊ म्हणजे काय तर कधी दुसऱ्या विद्यापीठाच्या नावावर फॉर्म, कधी चक्क टुरिस्ट किंवा बिझनेस विसावर या असा सल्ला. त्या विसावर वर्षभर वर्गात बसता येत नाही, पकडलं तर भोगायचं तुम्ही. म्हणून पहिल्याच मेलमध्ये सरळ विचारा की जेडब्ल्यू 202 तुम्ही द्याल का, आणि त्यावर कुठल्या संस्थेचं नाव असेल. उत्तर गोलमोल आलं तर ती शाळा सोडा.

तैवानला हा फॉर्म नाही, पण अट तीच. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता दिलेलं भाषा केंद्र हवं आणि आठवड्याला कमीत कमी 15 तासांचा कोर्स हवा. गल्लीबोळातले क्लासेस स्वस्त पडतात पण बहुतेकांच्या पत्रावर स्टुडंट म्हणून विसा होत नाही. सिंगापूरला जाणार असाल तर खाजगी शाळेकडे एज्युट्रस्ट सर्टिफिकेट, म्हणजे दर्जाचं तिथलं सरकारी प्रमाणपत्र, आहे का बघा, नसेल तर स्टुडंट्स पास, म्हणजे तिथे शिकायला राहायचा परवाना, विसरा.

चीन की तैवान हा वाद घरी बसून महिनोन्महिने चालतो. मी एवढंच म्हणेन की धंदा चीनशी असेल, कॅन्टन फेअर या मोठ्या व्यापारी जत्रेला ग्वांगझूला जायचं असेल, तर सोपी केलेली लिपी, पिनयिन म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार लिहायची पद्धत, आणि एचएसके ही चीनची भाषेची परीक्षा, म्हणजे चीन. तैवानला पारंपरिक लिपी, उच्चारांसाठी बोपोमोफो ही वेगळी चिन्हं आणि टीओसीएफएल ही तिथली परीक्षा. एकीकडून दुसरीकडे जाता येतं पण सहा महिने डोक्याला ताप. नावं हवीच असतील तर बीजिंगची बीजिंग लँग्वेज अँड कल्चर युनिव्हर्सिटी 1962 ची, याच कामासाठी काढलेली. तैपेईत नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन ट्रेनिंग सेंटर 1956 पासून चालू आहे. तैनान, ताइचुंग, काओशुंगलाही चांगली केंद्रं आहेत आणि राहायचा खर्च तैपेईपेक्षा कमी, पण आपल्याकडे सगळ्यांना राजधानीच हवी असते.

पात्रतेत फार काही नाही. वय 18 पूर्ण, बारावी पास, पासपोर्टची मुदत भरपूर शिल्लक. भाषेच्या कोर्सला आधी चायनीज येत असायची अट नसते. 18 च्या खाली असाल तर तिकडे राहणारा गार्डियन दाखवावा लागतो. ऑनलाइन फॉर्म, फोटो, अर्जाची फी, हे सगळं तासाभराचं काम. फी परत मिळत नाही.

आता जिथे लोक खरे अडकतात तिथे येतो, नाव.

आपल्या गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. म्हणजे देशमुख ओंकार विजय. पासपोर्टवर आडनाव देशमुख, नावाच्या रकान्यात कुणाचं ओंकार विजय तर कुणाचं नुसतं ओंकार. आधारवर ओंकार विजयभाई देशमुख, कारण भरणाऱ्याने सवयीने भाई लावून टाकला आणि आपण मराठी माणसं, आपण काही बोललो नाही. एलसीवर स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. इथे आपल्याला हे सगळं एकच माणूस आहे हे दिसतं, तिकडे ऑफिसात बसलेल्या बाईंना तीन वेगळे लोक दिसतात. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका, पासपोर्टवर सासरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं.

यावर उपाय असा, की अर्जात नाव भरताना पासपोर्ट समोर ठेवायचा आणि त्यातल्या खालच्या दोन यंत्राने वाचायच्या ओळी बघून अक्षर न् अक्षर तसंच लिहायचं, मार्कशीट बघायचीच नाही. मग दिवाळीपुऱ्याला कोर्टाबाहेर नोटरीकडून इंग्रजीत अ‍ॅफिडेव्हिट करायचं की या सगळ्या नावांची व्यक्ती एकच. इंग्रजीत म्हणजे इंग्रजीतच, गुजरातीत टाइप करून आणलेलं बघितलंय मी. लग्नाचं सर्टिफिकेट असेल तर तेही इंग्रजी भाषांतरासह लावा. आणि अ‍ॅडमिशन लेटर किंवा जेडब्ल्यू आला की चहा प्यायच्या आधी त्यावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर तपासा. चूक असेल तर दुसरा मागवावा लागतो आणि विसाच्या खिडकीवर उभं राहून तो मागवता येत नाही.

दुसरी मोठी अडचण अपोस्टिलची, म्हणजे आपला कागद खरा आहे असं सांगणारा, कराराच्या देशांत चालणारा सरकारी स्टिकर, आणि इथे एजंट लोक सर्रास पैसे उकळतात. चीन अपोस्टिलच्या करारात आला, 7 नोव्हेंबर 2023 पासून तो तिथे लागू झाला, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण भारताने चीनच्या प्रवेशावर हरकत घेतलेली आहे, त्यामुळे भारत आणि चीन या दोघांच्या मध्ये तो करार चालत नाही. म्हणजे इथे अपोस्टिलचा स्टिकर लावून घेतलेली मार्कशीट चीनच्या कामाला त्या स्टिकरमुळे काही उपयोगाची होत नाही. चीनसाठी जुनाच रस्ता, आधी राज्य सरकारकडून म्हणजे आपल्यासाठी गांधीनगर, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग चिनी दूतावास. तैवान त्या करारातच नाही, तिथेही परराष्ट्र मंत्रालयापर्यंत हेच आणि शेवटचा शिक्का तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरचा, म्हणजे तैवानचं इथलं दूतावासासारखं ऑफिस. त्यांचं दिल्ली, चेन्नई आणि 2024 पासून मुंबईतही ऑफिस आहे. सिंगापूरला मात्र अपोस्टिल चालतं.

पण हे सगळं करण्याआधी शाळेला विचारा की लागतं का! भाषेच्या कोर्सला चीनमधल्या बऱ्याच विद्यापीठांना नोटरी केलेली इंग्रजी कॉपी पुरते, दूतावासाचा शिक्का पुढे डिग्रीला जाताना लागतो. लोक आधी हजारो रुपये घालतात आणि मग विचारतात. आणि मुंबई जवळ म्हणून सगळं मुंबईत होईल असंही धरून चालू नका, कुठल्या ऑफिसात अर्ज करायचा ते पासपोर्टवरच्या पत्त्याच्या राज्यावरून ठरतं, तिकीट काढण्याआधी त्या ऑफिसच्या साइटवर गुजरात कुणाच्या यादीत आहे ते वाचा.

पदवीचं ओरिजिनल अजून मिळालं नसेल, पदवीदान व्हायचं असेल, तर प्रोव्हिजनल चालतं पण त्यावर पास झाल्याची तारीख हवी. भाषेच्या कोर्सला मुळात बारावीचं पुरतं, उगाच पदवीसाठी अर्ज लटकवून ठेवू नका.

मेडिकल. चीनला सहा महिन्यांपेक्षा जास्त जाणार असाल तर त्यांचा ठरलेला फॉर्म आहे, फॉरेनर फिजिकल एक्झामिनेशन फॉर्म, चायनीज आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला. छातीचा एक्सरे, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, त्यात एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही. आपल्या फॅमिली डॉक्टरकडे नेला तर ते प्रेमाने "फिट" लिहून सही करून देतात आणि अर्धे रकाने कोरे राहतात. तो फॉर्म बाद. हॉस्पिटलचा शिक्का हवा, डॉक्टरचा नावाचा रबर स्टँप वेगळा, आणि फोटोवर शिक्का असा मारायला हवा की अर्धा फोटोवर अर्धा कागदावर येईल. काउंटरवरच्या मुलाला हे बोट ठेवून दाखवावं लागतं, नाहीतर फोटो खराब होऊ नये म्हणून तो बिचारा शिक्का नीट बाजूला मारतो. रिपोर्टची मुदत सहा महिने, म्हणून सप्टेंबरला जायचं असेल तर जानेवारीत करून मोकळे होऊ नका. ओरिजिनल सगळे बरोबर न्यायचे, सामानात टाकायचे नाहीत.

पोलीस सर्टिफिकेट मागितलं असेल तर ते पासपोर्ट सेवेतून घ्यायचं, पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, 500 रुपये फी. चौकीतून आणलेलं चारित्र्याचं पत्र बाहेर कुणी धरत नाही.

पैशाचा पुरावा हा आमच्या एकत्र कुटुंबांचा दुखरा भाग. पैसे आजोबांच्या नावाने, एफडी आजीच्या नावाने, खातं सहकारी बँकेत आणि पुरावा म्हणून पासबुकची झेरॉक्स. चालत नाही. बँकेच्या लेटरहेडवर इंग्रजीत बॅलन्स सर्टिफिकेट आणि सोबत काही महिन्यांचं स्टेटमेंट, सही शिक्क्यासह. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांनी पाच लाख टाकले तर ते स्टेटमेंटमध्ये ठळक दिसतं, आणि विचारतात. खर्च वडील करणार असतील तर त्यांचं स्पॉन्सर लेटर आणि नात्याचा पुरावा, जन्माचा दाखला फक्त गुजरातीत असेल तर आधी इंग्रजीत करून घ्या. घरच्या दुकानात बसणाऱ्याने नोकरीच्या रकान्यात "काही नाही" लिहू नये, दुकानाचं नाव आणि जीएसटी रजिस्ट्रेशन लावावं. शिक्षण संपल्यापासून आत्तापर्यंतची मधली वर्षं कोरी दिसली की शंका तिथेच सुरू होते.

तारखांबद्दल. चीन आणि तैवान दोन्ही आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले दुपारचे अडीच, आणि रात्री 11:59 ची मुदत आपल्याकडे 9:29 लाच संपते. जेवून निवांत सबमिट करू म्हणणारे दरवर्षी असतात. कागद पोस्टाने मागवले असतील तर मुदत पोचायची असते, कुरिअर केल्याची पावती दाखवून उपयोग नाही. आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीत, म्हणजे जानेवारी शेवट ते फेब्रुवारी, तिकडे मेलला कुणी उत्तर देत नाही, चीनमध्ये ऑक्टोबरचा पहिला आठवडाही तसाच.

तैवानची हुआयू स्कॉलरशिप, म्हणजे तिथे चायनीज शिकायला मिळणारी सरकारी मदत, बऱ्याच जणांना हवी असते. भारतातले अर्ज साधारण 1 फेब्रुवारी ते 31 मार्च. इथे दोन गैरसमज ठरलेले. एक, स्कॉलरशिप मिळाली की प्रवेश मिळाला. नाही, भाषा केंद्रात वेगळा अर्ज स्वतः करायचा आणि त्याचा पुरावा स्कॉलरशिपच्या अर्जाला जोडायचा, केंद्राची तारीख वेगळी असते. दोन, सगळा खर्च निघतो. दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, फी त्यातून तुम्हीच भरायची, विमानाचं तिकीट तुमचं. आणि आधी स्वखर्चाने एक टर्म जाऊन बघू, आवडलं तर स्कॉलरशिप मागू, हा हिशोब करू नका, तैवानच्या केंद्रात आधी शिकलेल्याला ती मिळेलच असं नाही, अटी आधी वाचा. तिकडे पार्ट टाइम काम करून भागवू म्हणणाऱ्यांनाही सांगतो, भाषेच्या विद्यार्थ्याला वर्षभर शिकून झाल्याशिवाय वर्क परमिटचा अर्ज करता येत नाही.

फी पाठवताना बँकेत सांगा की सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडून कापा, नाहीतर मधली बँक तिचे डॉलर कापते, शाळेत रक्कम कमी पोचते आणि तुमच्या नावापुढे "फी अपूर्ण". अर्ज नंबर रिमार्कमध्ये टाकायचा.

शेवटी चीनच्या विसाचा प्रकार. 180 दिवसांपर्यंत एक्स-2, त्यापेक्षा जास्त एक्स-1. एक सेमिस्टर म्हणजे एक्स-2, मेडिकलची कटकट सहसा नाही, पण मग तिथे गेल्यावर आवडलं म्हणून वर्षभर राहायचं ठरवलं तर तेच कागद परदेशात बसून गोळा करावे लागतात, म्हणून थोडी जरी शक्यता असेल तर वर्षाचाच अर्ज करा. एक्स-1 वर गेलात की 30 दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज, आणि परमिट हातात यायच्या आधी हाँगकाँग फिरून येऊ म्हणून बाहेर पडलात तर विसा वापरून संपला, परत आत यायला नवा लागेल. हॉस्टेलवर न राहता भाड्याच्या खोलीत किंवा ओळखीच्यांकडे उतरणार असाल तर पोचल्यापासून 24 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात पासपोर्ट घेऊन नोंद करायची, घरमालकाला किंवा यजमानाला सोबत न्यायचं आणि जी पावती मिळते ती नीट ठेवायची, कारण रेसिडेन्स परमिटच्या खिडकीवर पहिल्यांदा तीच मागतात.