लॅपटॉप तापून स्लो झालाय की विंडोज गंडलंय? आधी एवढं बघा, मग फॉरमॅट मारा

सांगलीत मार्केट यार्डात माझ्या मावसभावाची हळदीची अडत आहे. त्याचा लॅपटॉप वर्षात तीनदा फॉरमॅट झाला. तिन्ही वेळा चार दिवस मस्त चालला आणि पाचव्या दिवशी परत टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. एकदा तर पार्ट्यांची जुनी खाती पण गेली, तरी चौथ्यांदा फोन करून हा म्हणतोय काय, "दादा, विंडोजच गंडलंय बघ."

विंडोज गंडून स्लो होणं सगळ्यांना माहितीय, त्यात जास्त वेळ घालवत नाही. स्टार्टअपला डझनभर प्रोग्राम, दोन-दोन अँटीव्हायरस, सी ड्राइव्ह लाल म्हणजे जवळजवळ भरलेला, नायतर जुनी हार्ड डिस्क. अशा लॅपटॉपची खूण एकच, तो बटण दाबल्यापासूनच रडतो, सकाळी गार असताना पण आणि दुपारी पण तेवढाच.

तापणारा असा नसतो. तो सकाळी पहिली पंधरा-वीस मिनिटं पळतो आणि मग बसतो. प्रोसेसरला ठराविक तापमानाच्या वर जायचं नसतं, बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० डिग्रीच्या आसपास असते, तिथं पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच आपला स्पीड पाडतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे विंडोज ठणठणीत आहे, खालचा प्रोसेसरच पहिल्या गिअरवर चाललाय. अशात फॉरमॅट मारणं म्हणजे इंजिन तापलंय म्हणून गाडीचं सीट कव्हर बदलणं.

मग ओळखायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. सगळे ते टक्के बघतात आणि "तीसच टक्के आहे, म्हणजे प्रोसेसर ओके" म्हणून मोकळे होतात, इथंच घोळ होतो. टक्के सोडा, खालचा 'स्पीड' बघा आणि शेजारचा 'बेस स्पीड' बघा. मावसभावाचा बेस होता १.८ गिगाहर्ट्झ आणि टॅली, क्रोम सगळं उघडून काम चालू असताना स्पीड होता ०.७८. काम चालू असून स्पीड बेसच्या असा बराच खाली असेल तर थ्रॉटलिंगचा संशय घ्या. काम चालू असताना बघा हां, लॅपटॉप रिकामा बसला असेल तर स्पीड असाही कमीच दिसतो. आणि लोकल चार्जर लावला असेल तर आधी ओरिजिनल लावून बघा, काही लॅपटॉप चार्जर ओळखला नाही तरी असाच स्पीड पाडतात.

मग फॉरमॅटनंतर चार दिवस बरा का चालायचा? कारण नव्या विंडोजवर लोडच नसतो, एक टॅली आणि एक ब्राउझर. हळूहळू सगळं परत भरलं की प्रोसेसर परत तापतो. त्या चार दिवसांमुळंच लोक फॉरमॅटवर विश्वास ठेवतात आणि मला त्याचाच सगळ्यात वैताग आहे.

खालचं कव्हर काढलं तर फॅन बरा दिसत होता. पण फॅन आणि तांब्याच्या पट्टीला जोडलेल्या जाळीच्या मधे धुळीचा चक्क नमदा बसलेला, आणि तो पण पिवळा! हळद हो. हा थर फॅन सोडवल्याशिवाय दिसतच नाही, त्यामुळं बाहेरनं ब्लोअर मारून "सर्व्हिसिंग केलं" म्हणणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. बॅटरीची वायर काढून, पातं टूथपिकनं धरून थर ओढून काढला, प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या पट्टीत नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली होती, ती पुसून नवी लावली. टूथपेस्ट लावायचे व्हिडिओ बघून कोणी प्रयोग करू नका. कूलिंग पॅड पण मला पटत नाही, जाळीच बंद असेल तर खालनं वारा घालून काय उपयोग?

बंद पडण्यातला फरक सोपा आहे. निळा स्क्रीन आणि त्यावर कोड आला तर बहुतेक वेळा रॅम, ड्रायव्हर नायतर डिस्क बघायची. काही न सांगता फट्कन काळा झाला आणि गार होईपर्यंत उठत नसेल तर आधी उष्णतेवर संशय घ्यायचा.

आता सॉफ्टवेअर. लिहिता लिहिता करंट गेल्यासारखं बंद पडलं की फायली खरंच खराब होतात, म्हणजे विंडोज बिघडलेलं असू शकतं, पण ते तापण्यामुळं. म्हणून आधी गार करा, मग डेटाचा बॅकअप घ्या, मग चेकडिस्क (डिस्कची तपासणी), मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधनं डिझमचं रिस्टोअरहेल्थ आणि शेवटी एसएफसी स्कॅननाऊ, या दोन्ही विंडोजच्या खराब फायली दुरुस्त करायच्या कमांड. तापत्या लॅपटॉपवर हे चालवलं तर मधेच परत बंद पडणार. टॅलीची कंपनी उघडत नसेल तर डेटा फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर काढून ठेवा आणि मगच डेटा दुरुस्तीचं बटण दाबा, जुन्या टॅलीत रीराईट, टॅलीप्राइममध्ये रिपेअर. मावसभावानं कॉपी न काढताच बटण दाबायला हात पुढं केला होता, मी मनगट धरलं.